घोडपाठीवरची गाठ

नव्या पायताणाला तेल पाजावं, हे आमच्या पेठेत शेंबडं पोरगंसुद्धा सांगेल. पण किती पाजावं आणि कधी थांबावं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला मी सासरवाडीला गेलो, ते खास करून घेतलेला नवा जोड घालून. चालताना असा करकर वाजायचा की दिवाळसणाचा जावई आलाय हे गल्लीच्या टोकाला कळावं. डोंगरावरच्या वाघजाईला जायच्या आदल्या दुपारी मी सासऱ्यांच्या पुढच्या सोप्यात बसून त्या जोडाला गोडं तेल पाजलं. चामडं पीत गेलं, मी पाजत गेलो, वाटी रिकामी झाली. सकाळी पाय घातले तर करकर पार बंद, चामडं लोण्यासारखं, आणि माझे दोन्ही तळवे असे बुळबुळीत की सारवलेल्या अंगणातच माझे पाय दोन दिशांना गेले. माझा मोठा मेव्हणा मारुती दारात उभा होता. म्हणाला, "दाजी, पायताण घातलंयसा का भजी तळाय काढलीयासा?" सगळे हसले. मीही हसलो. ते तेल पुढं मला कुठं नेणार आहे हे कळलं असतं तर मी तिथंच, त्या अंगणात, पोटात दुखतंय म्हणून आडवा झालो असतो.

डोंगराच्या आधी थोडं घराचं सांगतो, कारण माझी भीती घरातच लहानाची मोठी झाली. शिवाजी पेठेत खाली आमची पिठाची गिरणी आणि वर आम्ही, असा संसार होता. सकाळी वडिलांनी खटका दाबला की पट्टा फटफटायला लागायचा आणि जमिनीसकट आमचं सगळं घर थरथरत चालू व्हायचं. फडताळातल्या वाट्या एकमेकींना आपटत किणकिणायच्या. पिठाचा थर कशावर नसायचा? देवावर, रेडिओवर, वडिलांच्या भुवयांवर. त्या आवाजात बोलायचं म्हणजे ओरडायचं, म्हणून आमच्या घरात कुणाला हळू बोलताच येत नसे. मीठ मागायचं तरी भांडण काढल्यासारखं. आणि मग मधेच लाईट जायची. पट्टा थांबायचा, सगळीकडं गप्प, आणि त्या शांततेत आईचं निम्मं राहिलेलं वाक्य सगळ्या गल्लीला ऐकू जायचं. आमच्या घरातली एकूण एक गुपितं पेठेला अशीच लाईट गेल्यावर कळलेली आहेत. जेवायला आईच्या भाकरी असत, आणि त्या कधी एका धान्याच्या नसत. दिवसभराच्या दळणाचं जात्याच्या कडेला राहिलेलं पीठ संध्याकाळी झाडून घेतलं की त्यात ज्वारी, गहू, हरभरा, कुणाची तरी नाचणी असं सगळं यायचं. त्या भाकरीची चव रोज वेगळी असायची. लग्नानंतर पहिल्यांदा खाऊन बायको म्हणाली होती, "आज कुणाकुणाच्या घरचं जेवतोय आपण?"

मी नऊ वर्षांचा असताना गिरणीच्या पत्र्यावर अडकलेला पतंग काढायला चढलो. चढलो कसा ते आठवत नाही. उतरताना मात्र कडेला आलो, खाली बघितलं आणि हातपाय जागच्या जागी गोठले. खाली गिरणी चालू, मी वर बोंब मारतोय, ऐकणार कोण? किती वेळ पालथा पडून होतो कोण जाणे. शेवटी वडील कशाला तरी बाहेर आले, त्यांनी वर बघितलं, शिडी लावली आणि मला पाठीवर पोत्यासारखं टाकून खाली आणलं. खाली टेकवल्यावर त्यांनी माझ्या अंगावरचं पीठ झटकलं आणि कानाशी तोंड आणून म्हणाले, "हे पेठंत बोलायचं न्हाय. पोरांस्नी कळलं तर जल्माचं नाव पडंल." त्यांचं खरं होतं. आमच्या पेठेत माणूस हरलेला चालतो, कर्जात बुडालेला चालतो, भ्यालेला चालत नाही. मी वडिलांचा शब्द पाळला. फुटबॉलच्या मॅचला कायम सगळ्यात खालच्या पायरीवर बसलो आणि वर "हितनं पायातला बॉल नीट दिसतोय" असं सांगत राहिलो. गणपतीच्या मांडवाला दोऱ्या बांधायची वेळ आली की मी खाली उभा राहून मोठमोठ्यानं सूचना द्यायचो. आवाजामुळं माझी गणती धाडसी पोरांत होत असे.

मुलगी बघायला गेलो तेव्हा सासऱ्यांनी, म्हणजे मामांनी, एवढंच विचारलं होतं, "डोंगराची सवय हाय न्हवं? आमची देवी जरा उंचावर असती." मी म्हणालो, "आमचं काय वो, जोतिबाला चालत जातोय की दरवर्षी." जातो ते खरं होतं. पण यष्टीनं, आणि यष्टी थेट डोंगरावर नेऊन सोडते. हे वाक्य मी बशीतले पोहे संपवता संपवता बोलून गेलो आणि विसरलो. मामा विसरले नव्हते.

सासरवाडी गगनबावड्याच्या अंगाला, डोंगराच्या अगदी पायाशी. आमच्या घरातून तिथं गेलं की कानात दडे बसल्यासारखं व्हायचं, इतकं ते घर शांत. गोठ्यातल्या म्हशीनं मान हलवली की घुंगरू वाजायचं आणि मागं ओढ्याचं पाणी, बस्स. तिथं सगळे एकमेकांच्या जवळ जाऊन बोलत. मी पहिल्या दिवशी पाणी मागितलं तर शेजारची दोन माणसं काय झालं म्हणून बघायला आली. परड्यात नव्या भाताचा ढीग होता आणि घरभर त्याचा गोडसर वास. सासूबाईंनी, म्हणजे मामींनी, त्याच तांदळाचा भात, वर कुळथाचं माडगं आणि चुलीत भाजलेल्या मिरच्यांचा खर्डा असं वाढलं आणि वाढता वाढता देवीची रीत सांगितली. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला जोड्यानं वाघजाईला जायचं. पायताणाचा दगड म्हणून एक जागा आहे, तिथून पुढं देवीचा डोंगर, म्हणून सगळ्यांनी अनवाणी. तिथंच नवऱ्याच्या उपरण्याची आणि नवरीच्या पदराची गाठ मारायची आणि ती देवीसमोरच सोडायची.

"आन् मधी सुटली तर?" मी सहज विचारलं.

मामींचा वाढता हात थांबला. "सुटत न्हाय," त्या म्हणाल्या. "माझ्या हातची गाठ असती." आणि मग भात जरा जास्तच वाढला.

तांबडं फुटायच्या सुमाराला निघालो. मामा पुढं, त्यांच्यामागं डोक्यावर देवीची पाटी घेतलेल्या मामी, मग मारुती, आणि मागं आम्ही दोघं. पाटीच्या मागं जोडा, अशी रीत. पहिला तासभर झाडीतनं वाट होती आणि मी अगदी मजेत होतो. गारठा, ओल्या पाल्याचा वास, कुठं तरी गव्यांनी रात्री तुडवलेला चिखल. सुवर्णा, म्हणजे माझी बायको, साडीचा ओचा खोचून अशी चालली होती की जणू परड्यात कोथिंबीर आणायला निघालीय. लग्नाला सहा महिने झाले होते, पण आमच्या गिरणीवरच्या गोंगाटात आमचं दोघांचं नीट बोलणं असं झालंच नव्हतं. त्या वाटेवर ती मला झाडांची नावं सांगत होती आणि मी "व्हय, व्हय" म्हणत होतो. मला वाटलं, एवढंच असेल तर देवी उगाच उंचावर नाही, फार शहाणी आहे.

झाडी संपली तिथं पायताणाचा दगड. चांगला पसरट, वर शेंदूर. आम्ही पायताणं काढून ठेवली. मामींनी पाटी उतरवली, माझ्या खांद्यावरच्या उपरण्याचं टोक आणि सुवर्णाच्या पदराचं टोक धरून काहीतरी पुटपुटत छोटीशी, नीटस, मोगऱ्याच्या कळीसारखी गाठ मारली. दोघांत अंतर राहिलं जेमतेम चार हात. रीतीप्रमाणं मी पुढं, ती मागं. मग मी मान वर केली आणि घोडपाठ बघितली.

आज माझी मुलगी दर पावसाळ्यानंतर पाठीवर पिशवी टाकून मैत्रिणींबरोबर अशा ठिकाणी जाते आणि फोनवर फोटो पाठवते. त्या फोटोंत हात पसरून उभी असते, मागं आभाळ. मी फोटो उघडतो, "छान" लिहितो आणि फोन पालथा ठेवतो. घोडपाठीला आता लोखंडी कठडा बसवलाय असंही ऐकतो. खात्री करायला मी गेलेलो नाही.

तेव्हा कठडा नव्हता. डोंगराची एक सोंड आमच्यापासून निघून समोरच्या माथ्याला जाऊन भिडत होती आणि तिच्या पाठीवरून वाट. रुंदी म्हणाल तर बैलगाडी जाईल एवढी सुरुवातीला, मग बैल जाईल एवढी, आणि मधे जिथं एक काळा धोंडा पुढं आला होता तिथं माणसानं अंग चोरून जावं एवढी. उजव्या अंगाला उतार, त्यावर रान. डाव्या अंगाला काहीच नाही. तिथं घाट संपत होता आणि खूप खाली, विसरून राहिल्यासारखं, कोकण होतं. मामी डोक्यावर पाटी, एक हात कमरेवर, कुणाच्या तरी म्हशीबद्दल मारुतीला सांगत त्या वाटेवरून निघून गेल्या. पन्नाशीची बाई. पाटी हलली नाही.

मी निघालो. पहिली वीसेक पावलं मी फक्त मारुतीच्या पाठीकडं बघितलं. त्याच्या सदऱ्याला मागं एक ठिगळ होतं, त्याचे टाके मी अजून सांगू शकेन. तळव्यांखाली दगड गार लागत होता, आणि गार लागण्याबरोबर आणखी काहीतरी लागत होतं ते मला नीट कळत नव्हतं. पाऊल टेकलं की टेकल्यानंतरही थोडंसं पुढं जात होतं. गुडघ्यांच्या मागं कुणीतरी पट्टा चालू केल्यासारखी थरथर सुरू झाली. पत्र्यावर पालथं पडलेलं नऊ वर्षांचं पोरगं माझ्यात तसंच्या तसं होतं; तेवढ्या वर्षांत त्यानं कूसही बदलली नव्हती.

तेवढ्यात कोकणातून धुकं वर आलं. कुणीतरी खालून चादर फेकावी तसं ते एकदम आलं आणि मारुतीची पाठ, ठिगळ, धोंडा, माथा सगळं पुसून टाकलं. खरं सांगतो, मला आधी बरं वाटलं. दिसत नाही ती दरी नाही. मी चार पावलं जवळजवळ माणसासारखी टाकली. मग धोंड्याशी आलो, एका हातानं त्याला चाचपलं, आणि वाऱ्यानं डाव्या अंगाचं धुकं फाडलं. फाटीतून खाली एक कौलारू घर दिसलं. आगपेटीएवढं. त्याच्यातनं धूर निघत होता. कुणीतरी बाई तिथं चहा करत असेल, असं माझ्या मनात आलं आणि त्याबरोबर माझे पाय संपले.

"काय झालं?" मागून सुवर्णाचा आवाज.

"काय न्हाय. जरा बघतोय."

"काय बघताय?"

"कोकण."

"धुक्यात?"

पुढून, कुठून तरी पांढऱ्यातून, मारुतीनं हाक मारली, "ओ दाजी! आलासा काय?" मी "आलो, आलो!" असं गिरणीतल्या आवाजात ओरडलो, आणि तो आवाज खरा करायला एक पाऊल उचललं. ते पाऊल धोंड्याच्या बुडाशी ओल्या दगडावर टेकलं, तेलानं आपलं काम केलं, आणि मी खाली गेलो. सगळा नाही. एक गुडघा वाटेवर आपटला, दुसरा पाय डाव्या अंगाला, जिथं काही नव्हतं तिथं. उपरणं खांद्यावर ताणलं गेलं आणि माझ्यामागं सुवर्णाच्या तोंडून "आई गं" एवढंच निघालं. मी मान वळवली. गाठीनं तिला ओढून पुढं आणलं होतं. ती दोन्ही गुडघ्यांवर पडली होती, एका हातात करवंदीची डहाळी, आणि तिचा पदर माझ्या बाजूला, दरीच्या बाजूला, दोरीसारखा ताठ. तिच्या गुडघ्याखालचे दोन-तीन खडे निसटून कडेवरून गेले. मी ते खाली पडल्याचा आवाज ऐकायला थांबलो. आवाज आला नाही.

मी भ्यालो ते त्या क्षणी. आधीची भीती माझी एकट्याची होती, मी तिला पोसलेली, ओळखीची. ही नवी होती. मी गेलो तर ही माझ्यामागं येणार, तिचं काही न चुकता, चार हात कापडानं बांधलेली, आणि हे बांधून घेताना मी हसत उभा होतो. मी कोपर टेकून पाय वर ओढला, धोंड्याला पाठ लावली, आणि दातांवर दात आपटत असताना मामींची ती कळीसारखी गाठ नखानं उकलली. लगेच सुटली. इतकी सहज सुटली की मलाच धसका बसला.

सुवर्णाला पदर सैल पडल्याचं कळलं. ती जवळ सरकली आणि अगदी हळू, तिच्या माहेरच्या आवाजात म्हणाली, "गाठ सोडलीसा?"

"मी घसरलो तर तू नगंस."

"आन् मी घसरल्यावर?"

खरं म्हणजे ही बाजू माझ्या डोक्यातच आली नव्हती. मी तिला वाचवायला गाठ सोडली की माझ्या अंगावरचा भार कमी करायला, हे मी त्यानंतर कितीदा तरी स्वतःला विचारलंय, आणि प्रत्येक वेळी माझ्या सोयीचं उत्तर आलंय, म्हणून त्यावर माझा विश्वास नाही. त्या धोंड्याशी मात्र खोटं बोलायला लागतो तेवढा श्वासही माझ्याकडं शिल्लक नव्हता.

"सुवर्णा, मला भ्या वाटतंय," मी म्हणालो. "उंचावर. पहिल्यापासनं."

"पहिल्यापासनं म्हंजे?"

"नऊ वर्साचा हुतो तवापासनं."

"आन् जोतिबाला चालत जातासा ते?"

"यष्टीनं."

धुक्यात तिचं तोंड नीट दिसत नव्हतं. एक आवाज आला. हसली की रडली ते मला कळलं नाही, आणि विचारायची ती वेळ नव्हती. मग तिनं माझा पाय धरला, अंगठ्यानं तळवा चाचपला आणि म्हणाली, "अगं बाई, तेल! तेल लावून देवीला आलासा?" तिनं करवंदीच्या बुडातली माती खरवडली आणि माझ्या दोन्ही तळव्यांना, म्हशीला खरारा करावा तशी, खसाखसा चोळली. "आता खाली बसा. बुडावर. पाय म्होरं सोडा, हात मागं टेका, आन् सरका. उजव्या अंगाचं रान बघा. डावीकडं बघायचं न्हाय. मी तुमची कॉलर धरत्ये."

अशा रीतीनं शिवाजी पेठेतला जावई वाघजाईच्या दर्शनाला बसून गेला. नवा पांढरा लेंगा, खाली ओले दगड, आणि मागून बायको, "सरका. आनी सरका. आता धोंडा संपला. सरका." प्रत्येक सरकण्याला मला वाटायचं, हेच शेवटचं. दगडाचे कंगोरे बोचत होते आणि त्या बोचण्याचा मला आधार वाटत होता. जोवर बोचतंय तोवर खाली काहीतरी आहे. एकदा वारा आला आणि उपरण्याचं सुटं टोक दरीवर फडफडलं, तेव्हा मी डोळे मिटले आणि आईला हाक मारली. हळू नाही. ती हाक माथ्यावर पोचली असणार, कारण वरून मामींनी "काय वो?" विचारलं आणि सुवर्णानं "काय न्हाय, देवीचं नाव घेत्यात" असं सांगितलं.

वाट रुंद झाली, गवत आलं. मी हातापायांवर पंधरा-वीस हात गेलो आणि मग उभा राहिलो. सुवर्णा म्हणाली, "आई बघंल. गाठ बांधा."

"तू बांध."

"माझं हात थांबंनात." मी बघितलं. तिचे दोन्ही हात थरथरत होते, बांगड्या वाजत होत्या. इतका वेळ तो आवाज मागून येत होता आणि मी त्याला वारा समजत होतो. मी तिचा पदर घेतला, माझं उपरणं घेतलं आणि मला येत होती ती एकच गाठ मारली.

माथ्यावर सपाटी, एक वाकडं झाड, त्याखाली शेंदूर लावलेला तांदळा, म्हणजे देवीचा बिनघडीव दगड. धुकं निघून गेलं होतं. मामांनी हात करून दाखवलं, "जावईबापू, कोकण बघा. हितनं असं दिसतंय की मानूस जेवायचं इसरतंय." मी कोकणाकडं पाठ करून देवीकडं बघत राहिलो. मामींना ते फार आवडलं. त्यांनी ओटी भरली, दिवा लावला, आणि गाठ सोडायला हात घातला. सुटेना. त्यांनी उलटी केली, सुलटी केली. बोटं थांबली.

"ही गाठ माझी न्हवं," त्या म्हणाल्या.

मामा वाकून बघू लागले. शेतकरी माणूस, एका नजरेत ओळखलं. "ही तर पोत्याची गाठ हाय."

मामींच्या तोंडावरचा रंग उतरला. त्या रागावल्या नव्हत्या, भ्याल्या होत्या. वाटेत सुटलेली गाठ म्हणजे लेकीच्या संसाराला काय, हे त्यांच्या डोळ्यांत सगळं उभं होतं. सुवर्णानं तोंड उघडलं. ती "मी सोडली" म्हणणार हे मला दिसलं, आणि ते दिसल्यावर घोडपाठीवर वाटली त्याहून जास्त भीती वाटली. मी आधी बोललो. "मामी, मी सोडली. धोंड्याजवळ घसरलो. मला उंचीचं भ्या हाय, न्हानपणापासनं. हिला घेऊन पडतो म्हणून सोडली, आन् बसून आलो." आवाज गिरणीतलाच लागला. डोंगरावर दोनदा घुमला. पेठेत जे पंधरा वर्षं झाकलं ते मी सगळ्या कोकणाला ओरडून सांगितलं.

मारुती हसला नाही, हे मी त्याच्या नावावर कायमचं मांडून ठेवलंय. मामींनी देवीकडं बघितलं, माझ्या लेंग्याच्या बुडाकडं बघितलं, मग खाली बसल्या, गाठ तोंडात धरली आणि कडाकडा चावून सोडवली. पदराचा एक धागा थुंकला. मला म्हणाल्या, "जावईबापू, खाली गेल्यावर शेजारणींस्नी सांगू नका." एवढंच. मग भाकरी, झुणका, दही सोडलं. सगळे जेवले. माझ्या हातात भाकरीचा तुकडा तसाच राहिला, कारण माझ्या मनात एक साधा प्रश्न आला होता आणि तो मी विचारला. "मामा, परत जायची दुसरी वाट?"

"दुसरी कशी असंल?" मामा म्हणाले. "एकच हाय."

परतीचं फार सांगत नाही. ऊन स्वच्छ होतं, धुक्याची मेहरबानी नव्हती. मी बसूनच आलो, कोकणाकडचा डोळा मिटून आणि एकच उघडा ठेवून. पुढं मारुती उलटा तोंड करून चालत होता, मी पडलो तर धरायला, आणि त्याला असं उलटं चालताना बघून माझा उघडा डोळाही मिटावासा वाटत होता. मामा मागून म्हणत होते, "सरका निवांत. हितं बघतंय कोण? गवं बघत्यात, त्येंचं काय." सुवर्णाच्या मुठीत माझी कॉलर होती. धोंड्याशी ती मूठ इतकी आवळली की शर्टाचं वरचं बटण तुटून गेलं, कुठं गेलं ते मी बघितलं नाही. पायताणाच्या दगडाशी पोचल्यावर मी त्या दगडाला मिठी मारून बसलो आणि माझे दात त्यानंतरही बराच वेळ वाजत राहिले.

दोन दिवसांनी कोल्हापूरला निघालो. यष्टीत खिडकीशी ती, कडेला मी. गाडी सपाटीला लागली, दोन्ही बाजूंना उसाचे फड आले, तसा मी पुन्हा हळूहळू पेठेतला माणूस होऊ लागलो. आधी मी तिला सांगितलं की घरी हे बोलायचं नाही. मग मी घसा खाकरून, जरा रुबाबात म्हणालो, "एक ध्यानात ठेव. गाठ मी तुझ्यासाठीच सोडलती."

ती खिडकीबाहेर बघत होती. बघतच म्हणाली, "सोडली कशाला ते तुमचं तुमास्नीच ठाव न्हाय, मला काय सांगतासा? पर बांधली ती अशी, की माझ्या आईचा दात हाललाय."